घराला टोचन

बंद पडलेली गाडी ओढून आणणं हे काम दिसायला इतकं सोपं आहे, की ‘मला ते येत नाही’ असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. साखळी बांधायची, न्यूट्रलला टाकायची, ओढायची. आमच्या धंद्यात त्याला टोचन म्हणतात. बारामती-इंदापूर पट्ट्यात ट्रॅक्टरांना तोटा नाही आणि मदतीला धावणाऱ्या माणसांनाही नाही. रस्त्याच्या कडेला कुणी बॉनेट उघडून उभा दिसला, की उसाचा ट्रेलर सोडून ट्रॅक्टरवाला आधी त्याला साखळी लावणार. माणसं खरंच चांगली. माझं गॅरेज चाळीस वर्षं चाललं, त्यातली निम्मी कामं ह्या चांगल्या माणसांनीच मला आणून दिली.

एक गूळवाले शेठ आठवतात. ट्रॅक्टरमागं बांधलेल्या आपल्या मोटारीत ते स्वतः स्टिअरिंग धरून ऐटीत बसले होते, मागच्या चाकांतून धूर निघत होता आणि शेठ खिडकीतून ओरडत होते, "अरं, तुझ्या ट्रॅक्टरात जीव न्हाय का?" हँडब्रेक ओढलेलाच होता. असे नमुने सांगत बसलो तर हा अंक मला एकट्याला पुरायचा नाही. पण ‘मनात राहिलेलं एखादं काम लिहा’ असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मला शेठ आठवले नाहीत. आठवलं ते एक घर. चाकांवरचं, खरंखुरं घर, आणि त्याला टोचन करणारा पिंपळीचा बिरू.

त्याआधी गिअरबॉक्सबद्दल थोडं सांगावं लागेल. घाबरू नका, चुलीपुढं बसून कळेल इतकं सोपं आहे. गिअरबॉक्सच्या पेटीत दातेरी चाकांच्या दोन ओळी असतात, एक वर, एक खाली. तेल असतं तळाला. इंजिन चालू असलं की खालची ओळ फिरते, तळाचं तेल उडवते आणि वरच्या ओळीला न्हाऊ घालते. आता समजा इंजिन बंद आहे आणि तुम्ही गाडी ओढताय. मागची चाकं फिरतात. ती एका लांब लोखंडी दांड्यानं गिअरबॉक्सला जोडलेली असतात. त्याला आम्ही शाफ्ट म्हणतो. चाकं फिरली की शाफ्ट फिरतो, शाफ्ट फिरला की पेटीतला वरचा दांडा फिरतो. खालची ओळ मात्र ढिम्म. म्हणजे वर कढई तापतेय, खाली बुधल्यात तेल आहे, आणि पळीनं घालणारं कुणी नाही. न्यूट्रल केल्यानं हे थांबत नाही. दोन-चार किलोमीटर सावकाश नेलं तर एखाद्या वेळी चालून जातं. त्याहून लांब न्यायचं तर आधी गाडीखाली शिरायचं, शाफ्ट सोडायचा, आणि मगच साखळीला हात लावायचा.

हे मला हमीदचाचांनी शिकवलं. चाचा माझे उस्ताद. तरुणपणी आखाती देशात काम करून आलेले, तिथल्या गाड्यांच्या गोष्टी ते पुराण सांगावं तशा सांगायचे. पान त्यांच्या तोंडातून कधी गेलं नाही. शाफ्ट सोडण्याआधी ते पानाच्या डबीतला चुना बोटावर घ्यायचे आणि शाफ्टच्या जोडावर एक आडवी रेघ ओढायचे, अर्धी इकडच्या लोखंडावर, अर्धी तिकडच्या. परत बसवताना दोन्ही अर्ध्या रेघा समोरासमोर आणायच्या, म्हणजे शाफ्ट होता तसाच बसतो आणि गाडी थरथरत नाही. दुसरे मिस्त्री छिन्नीनं ठोकून खूण करायचे. चुन्याची रेघ फक्त चाचांची, आणि त्यांचं बघून माझी.

आता ज्या गोष्टीची मला लाज वाटते ती सांगतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पणदऱ्याच्या एका दूधवाल्या मालकांचा टेम्पो इंदापूरजवळ बंद पडला. टेम्पोवर ड्रायव्हर होता बिरू. पंचविशीचा, कमी बोलणारा, काच पुसतानासुद्धा बाळाचं तोंड पुसावं तसा पुसणारा. उन्हाळ्याची दुपार, मागं दुधाचे कॅन भरलेले. मी जीप घेऊन पोचलो. शाफ्ट सोडायला पाऊण तास लागला असता, एक बोल्ट गंजलेला दिसत होता. दूध नासलं तर मालक माझ्यावर चिडणार. मी म्हटलं, जाऊ दे, एवढ्यानं काय होतंय! न्यूट्रलला टाकला आणि थेट बारामतीपर्यंत ओढला, तोही जोरात. दूध वाचलं. मालकांनी पाठ थोपटली.

इंजिन नीट करून दिलं आणि तिसऱ्या दिवशी त्या टेम्पोचा गिअरबॉक्स जाम झाला. मीच खोलला. आतला एक बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी पोलादी बांगडी, जळून निळी पडली होती. तेलाविना तापलं की पोलाद असं निळं होतं. मला खोलताक्षणी कळलं हे कुणी केलं ते. मालकांच्या ओट्यावर उभा राहिलो. ते म्हणाले, "मिस्त्री, कशानं गेला वो?" मी म्हणालो, "तेल कमी पडलं आसंल. ड्रायव्हरनं बघायला पायजे." एवढंच एक वाक्य. बिरू तिथंच खाली अंगणात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. संध्याकाळी त्याला कामावरून काढून टाकलं.

पुढं त्याला कुणी ट्रक दिला नाही, टेम्पो दिला नाही. ‘गिअरबॉक्स जाळणारा’ हे नाव त्याच्या आधी गावोगाव पोचलं होतं. तो शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालवायला लागला. पण खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते मला माहीत होतं, कारण बिरूचे वडील खंडूआबा आमच्या नात्यातलेच. आमच्या लोकांत पूर्वी घरोघरी मेंढरं. आबा दर सालाला स्वतःच्या मेंढरांबरोबर दुसऱ्यांचीही राखणीला घेऊन दूर चारणीला जायचे, बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. दुसऱ्याचं मेंढरू आपल्याकडं असताना मेलं, तर त्याचा कान कापून मालकाला नेऊन दाखवायचा, अशी रीत. कानावर मालकाची खूण असते. मेंढरू विकलं नाही, खाल्लं नाही, मेलंच, याची ती साक्ष. कान दाखवला की कुणी काही बोलायचं नाही.

टेम्पोला कान कुठला? दुसऱ्याचं जनावर आपल्या पोरानं हयगयीनं मारलं, हे आबांच्या मनात जे बसलं ते बसलंच. टेम्पोला ते जनावरच म्हणायचे. बिरूशी त्यांनी बोलणं टाकलं नव्हतं. ‘पाणी सोड’, ‘वैरण आण’ एवढं बोलायचे. पण मेंढी बाजारात न्यायची असली की धाकट्याला पाठवायचे. थोरला घरात बसलेला असला तरी धाकट्याला. सात वर्षं हे चाललं. ते मला दिसत होतं. आणि तो निळा बुश माझ्या गॅरेजच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून पडलेला होता. फेकून का दिला नाही, कुणास ठाऊक. फेकायला हात गेला की मागं यायचा.

तर सात वर्षांनी, उसाच्या सीझनमध्ये, सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला.

"मिस्त्री, भवानीनगरच्या अलीकडं गोऱ्या माणसांचं घर बंद पडलंय."

"घर बंद पडलंय म्हंजे? कुलूप लावलंय का?"

"न्हाय वो! चाकाचं घर हाय. आत चूल हाय, पलंग हाय, मोरी हाय. खालनं तांबडं तेल गळतंय."

माझा स्वभाव असा, की बंद पेटी दिसली की आत काय आहे ते बघितल्याशिवाय जेवण जात नाही. मी हातातला पाना तसाच टाकून जीप काढली. वाटेत एकच विचार, तांबडं तेल! चाचा सांगायचे, आखातात क्लच नसलेल्या गाड्या असतात, गिअर आपोआप पडतात, आणि त्यांच्या गिअरबॉक्सात तांबडं तेल असतं. ‘सोपान,’ ते म्हणायचे, ‘उस गाडी को कभी ऐसेच मत खींचना. उसका तेल इंजिन का पंप घुमाता है. इंजिन बंद, तो तेल बंद.’ साध्या गाडीत निदान तळाला तेलाचं डबकं तरी असतं, हिच्यात कणाकणाला पंपानं तेल पोचवावं लागतं. तसला गिअरबॉक्स मी जन्मात बघितला नव्हता. मी अक्षरशः शीळ घालत निघालो होतो.

सांगितलेल्या जागी पोचलो तर घर नाही. रस्त्यावर तांबडे ठिपके, उसाची पाचट आणि ऊस खात बसलेली दोन माणसं.

"वढून न्येलं की!" त्यातला एक म्हणाला. "सकाळी सातलाच बंद पडलं हुतं. बिरूनं ट्रॅक्टरला बांधून कालव्याच्या आतल्या वाटंनं पिंपळीला न्येलं. म्हनला, गॅरेजच्या वाटंवरच हाय वस्ती. उन्हात कशाला ठिवायची पाव्हणी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा-बारा किलोमीटर! क्लच नसलेली गाडी, तेल गळून गेलेलं, आणि हा बहाद्दर पाहुणचारासाठी ओढून नेतोय! तसला गिअरबॉक्स अख्ख्या मुलखात मिळायचा नाही. म्हणजे त्या माणसांचं घर इथंच, उसाच्या फडाशेजारी कायमचं उभं राहणार. मी जीप कशी हाणली ते माझं मलाच माहीत.

पिंपळीच्या वस्तीवर चिंचेखाली ते घर उभं होतं. पांढरं, उंच, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. भोवती सगळी वस्ती. दारातल्या पायरीवर एक साठीच्या पुढची गोरी बाई कपातून चहा पीत होती, आणि बाजेवर खंडूआबा बसले होते. बिरू ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा. मी जीपमधून उडी मारली ती त्याच्याच अंगावर.

"आरं, पुन्हा त्येच केलंस व्हय? एकदा जाळून पोट भरलं न्हाय तुझं? ह्या लोकांचं घर हाय ते, घर! न्यूट्रलला टाकून वढत आणलंस, आता काय उसात नांगरायला लावणार हायस का त्यानला?"

‘पुन्हा’ हा शब्द माझ्या तोंडून कसा गेला, देव जाणे. ते मी म्हणत होतो, मी! बिरूनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग आबांकडं बघितलं आणि मिटलं. आबा बाजेवरून उठले, काठी घेतली आणि छपराच्या खोपीत निघून गेले.

ती बाई उठून माझ्याकडं आली. इंग्रजीत भराभर बोलत होती, गाडीखाली बोट दाखवत होती, मग बिरूकडं बोट दाखवत होती, मान जोरात हलवत होती. मी म्हटलं, बघ, तीही तक्रार करतेय. "मॅडम, आय सी, आय सी," म्हणत मी बॅटरी घेतली आणि पाठीवर पडून गाडीखाली सरकलो.

शाफ्टच नव्हता.

मी बॅटरी इकडं फिरवली, तिकडं फिरवली. मागच्या चाकांच्या जोडाजवळ चार भोकं मोकळी. गिअरबॉक्सच्या तोंडाला घाण जाऊ नये म्हणून स्वच्छ फडकं बांधलेलं, वर सुतळीचा नीट पीळ. आणि मोकळ्या जोडावर चुन्याची एक आडवी अर्धी रेघ. मी तसाच उताणा पडून त्या रेघेकडं बघत राहिलो. चाचांना जाऊन तोवर दोन वर्षं झाली होती.

बाहेर आलो. अंगाला चिंचेचा पाला चिकटलेला. सगळे माझ्याकडं बघत होते.

"शाफ्ट कुठाय?" मी विचारलं.

"पलंगावर," बिरू म्हणाला.

खरंच पलंगावर होता. त्या घरात शिरलो तर उजव्या हाताला इवलीशी गॅसची शेगडी, वर कपांना अडकवायला आकडे, डाव्या हाताला मोरी, आणि मागं पलंगावर बाईचे यजमान बसलेले. त्यांच्या शेजारी घोंगडीत गुंडाळलेला शाफ्ट, आजारी माणसाला निजवावं तसा. यजमानांनी त्यावर एक हात ठेवला होता. बाईनं मला एक पुस्तक उघडून दाखवलं. त्यात चित्र होतं: गाडी, तिला ओढणारी दुसरी गाडी, मधल्या दांड्यावर लाल फुली. तिनं फुलीवर बोट ठेवलं आणि खिडकीतून बिरूकडं बोट केलं, आणि दोन्ही हात जोडले. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ती मघापासून त्याची तक्रार करत नव्हती, तारीफ करत होती.

"बोल्ट?" मी बिरूला विचारलं.

त्यानं गळ्यातल्या टॉवेलच्या कोपऱ्याची गाठ सोडली. चारही बोल्ट, नटासकट, पुसून ठेवलेले. साखळीही त्यानं लावली नव्हती; झटके बसू नयेत, मागच्या गाडीनं पुढं धडकू नये म्हणून ट्रेलरचा दांडा बांधून, बैलगाडीच्या चालीनं आणलं होतं.

गाडीचं मूळ दुखणं तासाभरात सापडलं. सीझनमध्ये आमच्या रस्त्यांवर ट्रेलरच्या पिना पडलेल्या असतात. तसली एक पिन चाकाखालून उडून गिअरबॉक्सचं तेल थंड करायला नेणाऱ्या नळीवर बसली होती. बाईनं तांबडे ठिपके आरशात बघून लगेच गाडी थांबवली म्हणून बरं. नळीच्या जागी मी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा पाइप कापून बसवला. तेल मात्र पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते.

ते दोन दिवस वस्तीवर जत्रा होती. बाईचं नाव हेल्गा. यजमानांच्या डाव्या पायात जोर उरला नव्हता, क्लच दाबता येत नव्हता, म्हणून त्यांनी बिनक्लचची गाडी घेतलेली. तिनं एका बंगल्याचा फोटो दाखवला, हातानं ‘विकलं’ अशी खूण केली आणि गाडीच्या भिंतीवर थाप मारली. म्हणजे आता एवढंच घर. बिरूनं माझ्यासारखी घाई केली असती तर?

दुसऱ्या दिवशी आबा छपरातून बाहेर आले. त्यांनी त्या घराला एक चक्कर मारली, काठीनं टायर ठोकून बघितलं, आत डोकावले. शेगडी बघितली, पलंग बघितला. मग पायरीवर बसून हेल्गाबाईला मराठीतच विचारलं, "मेंढरं कुठं सोडली, बाई?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. "हसताय काय? बिऱ्हाड संगं घ्यून हिंडत्यात, मंजी मागं कायतरी आसंलच की. आमचं घोड्यावर हुतं, ह्यांचं चाकावर. फकस्त मोरी नव्हती आमच्यात." हेल्गाबाईला काय कळलं ठाऊक नाही, पण तिनं आबांना आपला कप धुऊन कॉफी दिली. आबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळी प्याले.

तेल आलं. शाफ्ट परत चढवायला मी आणि बिरू गाडीखाली शेजारी शेजारी उताणे पडलो. तो शाफ्ट धरून, मी बोल्ट घालत. दोन अर्ध्या रेघा समोरासमोर आल्या. मला राहवेना.

"बिरू, ही रेघ तुला कुणी शिकिवली?"

"हमीदचाचांनी."

"तू चाचांकडं कवा गेला हुतास?"

"टेम्पो गेला तवा." तो छताकडं बघावं तसं वर बघत बोलत होता. "त्या सकाळी तेल मी बघितलं हुतं, मिस्त्री. काठोकाठ हुतं. मग जळलं कशानं, म्हनून रातध्याड डोकं खाल्लं. चाचांकडं गेलो. त्यांनी इचारलं, सोपाननं वढताना शाफ्ट सोडला हुता का? मी म्हनलो, न्हाय. चाचांनी चुन्याची डबी उचलली. मग म्हनले, ये, तुला दाखिवतो."

म्हणजे चाचांना ठाऊक होतं. त्यानंतर पाच वर्षं ते माझ्या गॅरेजवर येत होते, माझ्या हातचं पान खात होते, आणि एकदाही बोलले नाहीत. मी विचारीन, मी सांगीन, म्हणून वाट बघत होते की काय? माझ्या हातातला बोल्ट खाली पडला तो सापडेना. बिरूनं चाचपून माझ्या हातात दिला.

"मग तू बोलला का न्हाईस? मालकाला? कुणालाबी?"

"कुणाला सांगू? तुमी मिस्त्री, मी ड्रायव्हर. गाडीखालचं कायबी झालं तर लोक मिस्त्रीचं खरं धरत्यात."

"परवा तरी बोलायचं. मी येवढं वरडलो तुझ्यावर."

"आबा बसले हुते." त्यानं शाफ्टवरची पकड बदलली. "मला काय नगं, मिस्त्री. टेम्पो नगं, काय नगं. फकस्त आबाला सांगा."

हेल्गाबाईनं इंजिन चालू केलं. मी तिच्या शेजारी बसून तो बिनक्लचचा गिअर बघितला. दांडा एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर नुसता सरकवायचा, आणि आतलं आत कधी काय बदललं कळतही नाही. एरवी मी दिवसभर त्याच्यात रमलो असतो. कालव्यापर्यंत चक्कर मारून आलो, गाडी लोण्यासारखी चालत होती. मी सगळ्यांना ‘उद्या सकाळी येतो’ म्हटलं आणि बारामतीला आलो.

सकाळी पाहुण्यांची गाडी निघाली तेव्हा मी वस्तीवर पोचलो होतो. सगळ्यांनी हात हलवले. यजमानांनी खिडकीतून बिरूचा हात धरला तो गाडी हलली तरी सोडेनात. गाडी इंदापूरच्या वाटेला लागली. मग मी आबांच्या बाजेपाशी गेलो, खिशातून तो निळा बुश काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आबा, पणदऱ्याच्या टेम्पोतला हाय ह्यो. बिरूच्या हातनं न्हाय गेला. त्यानं तेल बघितलं हुतं. मी वढताना शाफ्ट सोडला न्हाय, माझ्या हातनं जळला. आन् मालकाला मी खोटं सांगितलं." मग म्हणालो, "कान आणलाय, आबा."

आबांनी बुश बोटांत फिरवला. उन्हात धरला. निळ्या डागावरून अंगठा फिरवला. बिरू गोठ्याच्या दाराशी उभा होता, तो जवळ आला नाही.

"कान त्याच दिवशी आणायचा आसतो, सोपान," आबा म्हणाले.

मी मान खाली घातली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आबांनी कमरेची तंबाखूची चंची काढली, बुश तिच्यात टाकला, दोरी ओढली आणि उठले.

"ह्यो कान माझा न्हाय. मालकाचा हाय. पटका बांधून येतो, जीप काढ."

पणदऱ्यापर्यंत त्यांनी चंची मुठीत धरून ठेवली होती. मालकांचा ओटा तसाच होता. आबांनी पायताण खाली काढलं, वर गेले, चंची उघडून बुश मालकांच्या हातावर ठेवला आणि वाकून म्हणाले, "मालक, तुमच्या जनावराचा कान आणलाय. लई उशीर झाला. चूक पदरात घ्या."

त्या वाकलेल्या म्हाताऱ्याकडं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची ती मी, आणि मागत होते ते. मालकांना काहीच कळेना, ते बुशाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होते. मी सात वर्षांपूर्वी जिथं उभा होतो तिथंच उभा होतो. "उशीर त्यांना न्हाय, मला झाला," मी म्हणालो, आणि गंजलेल्या बोल्टापासून सगळं सांगितलं.

मालकांनी बुश ओट्यावर ठेवला. मला म्हणाले, "मिस्त्री, तुमी हितून म्होरं माझ्या गाडीला हात लावू नका." ते योग्यच होतं. आबांना म्हणाले, "बिरूला उद्यापासून पाठवा." बिरू पुढं गेला नाही तो भाग वेगळा, त्याला ट्रॅक्टरच बरा वाटला. गावात लोकांनी मला बरीच नावं ठेवली, काही गिऱ्हाइकं तुटली. त्यातली काही परत आली, काही नाही.

त्या दिवशी परत येताना पिंपळी आली तशी मी जीप सावकाश घेतली. बिरू बांधावर ट्रॅक्टर धुत होता. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि हातातली बादली खाली ठेवली. आबा उतरले, काठी सावरली, आणि घराकडं जाता जाता, मान न वळवता, मोठ्यानं म्हणाले,

"बिरू, उद्या मेंढी बाजारला न्यायची हाय. तू ने."